सांध्याईचा गूळ

सांध्याईच्या गुळाला मुंग्या लागत नसत.

माझी बहीण नलू हिच्या भिंगोळीच्या घरी, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, तो गूळ उघड्या वाटीत ठेवलेला होता. खाली जमिनीवर साध्या गुळाची ढेप नलूने पाणी भरलेल्या परातीत विटेवर उभी केली होती. तरीही परातीच्या काठाशी मुंग्या घोटाळत होत्या. त्यांतलीच एक रांग भिंतीवरून वर चढली होती. कोनाड्याच्या तोंडाशी येऊन ती थांबत होती, वाटीला लांबून वळसा घालत होती आणि पलीकडच्या तेलाच्या बरणीकडे जात होती.

"बघितलंस ना दादा?" नलू म्हणाली. "आता तूच सांग."

मी वाटी उचलून नाकाशी धरली. गुळाचा रंग वंगणासारखा काळा होता आणि बोट लावले की ते चिकटून बसत होते. वास ओल्या, बंद खोलीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पोत्यांचा होता आणि त्याच्या आड आणखी काहीतरी उग्र होते. तो वास मी पूर्वी कुठेतरी घेतला होता, पण जळक्या गुळाच्या वासात तो इतका मिसळला होता की ओळख पटेना. मी बोट धुतले, साबणाने पुन्हा धुतले. वास गेला नाही.

"कसला वास आहे हा?"

"गाडीचा," नलू सहजपणे म्हणाली. "सांध्याईची आगगाडी जायची ना इथून. तिचा वास गुळाला येतो."

नलू मॅट्रिक झालेली होती. शाळेत भूमितीत ती माझ्यापेक्षा हुशार होती.

मी त्या वेळी पुण्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो आणि भिंगोळीला गेलो होतो तो तिच्या मुलीसाठी. सुली सात वर्षांची होती. तान्ही असताना तापात तिला एकदा आकडी आली होती. तशी ती पुष्कळ मुलांना येते आणि पुढे येत नाही. नलूच्या सासरच्यांनी मात्र सांध्याईला नवस बोलला आणि तेव्हापासून रोज सकाळी, अनशापोटी, सुलीला त्या गुळाचा खडा मिळू लागला. आकड्या वाढत गेल्या, तसा खडाही वाढत गेला. माझ्या ओळखीचे एक मेंदूविकारांचे डॉक्टर तिला तपासायला तयार होते. मी तिला न्यायला आलो होतो आणि नलू तिला पाठवायला तयार नव्हती.

"नवसात खंड पडता कामा नये," ती म्हणाली. "गूळ चुकवायचा नाही आणि गावची शीव ओलांडायची नाही. परवा नवा गूळ व्हायचाय. जुना आता जोर धरत नाही, म्हणून तिला त्रास होतोय."

"आणि नव्यानेही झाला तर?"

"तर मग बघू."

"काय बघणार?"

सुली आत आली, तिने सवयीने तोंड उघडले आणि नलूने तिच्या जिभेवर खडा ठेवला. पोरीने तोंड वाकडे केले नाही. तिला ती चव परिचयाची होती, एवढेच मी म्हणू शकतो.

त्याच दुपारी सुली माझ्यासमोर पडली. अंगणात ती मला चिंचोके दाखवत होती. बोलता बोलता तिचा स्वर एका शब्दावर अडकला, डोळे वर फिरले, पाठ ताठ झाली आणि हातपाय झटके देऊ लागले. मी तिला कुशीवर वळवून डोके धरून ठेवले. तोंडातून फेस आला. झटके ओसरले, शरीर सैल पडले, कपडे ओले झाले. नलू धावत आली ती हातात वाटी घेऊनच. तिने पदराने फेस पुसला आणि मी काही म्हणायच्या आत पोरीच्या अर्धवट मिटलेल्या दातांआड बोटाने गूळ चोळला.

मला किळस आली. फेसाची नाही, लघवीचीही नाही. ती शरीराची कामे आहेत. किळस आली ती त्या मायाळू, सराईत बोटाची.

"ठसका लागून मरेल ती," मी म्हणालो.

"इतकी वर्षं नाही मेली," नलू म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज ठाम होता.

भिंगोळी हे अरुंद रुळांच्या एका फाट्यावरचे शेवटून दुसरे स्टेशन होते. हंगामात इथून गुळाचे डबे भरून जात. पुढे शेजारचा रस्ता पक्का झाला, व्यापाऱ्यांनी गूळ ट्रकने न्यायला सुरुवात केली, गाडीला वाहतूक उरली नाही आणि फाटा बंद करून रूळ उचलण्यात आले. स्टेशनचा इतिहास इतकाच आहे. गावाचा इतिहास असा की, रुळांच्या सांध्यापाशी जमिनीतून देवी वर आली, तिने इंजिन अडवले, सरकारला तिच्यापुढे हात टेकावे लागले आणि लाइन उपटून न्यावी लागली. एखाद्या गावाने आपली सोय काढून घेतली गेल्याचा असा उत्सव करावा, हे मला तेव्हाही समजले नव्हते.

नव्या गुळाची काहील त्याच स्टेशनच्या आवारात, जुन्या माल-धक्क्याजवळ चढत असे. गावातल्या प्रत्येक उसवाल्याने एक मोळी द्यायची, रस एकत्र करायचा, गूळ सांध्याईच्या नावाने करायचा आणि वर्षभर घरोघरी पुरवायचा, अशी रीत होती. ठरल्या दिवशी मी नलूचे यजमान ज्ञानोबा शेळके यांच्याबरोबर गेलो. ते देवीच्या कमिटीवर होते आणि त्या दिवशी त्यांनी पांढरा फेटा बांधला होता.

"दादा, तिथं काही बोलू नका," वाटेत ते म्हणाले. "तुमचं शास्त्र पुण्यात. इथं मी चारचौघांत वावरतो."

"मी फक्त बघणार आहे."

"तुमचं बघणंच वाईट असतं," ते म्हणाले आणि हसले. माणूस वाईट नव्हता.

सांध्याई म्हणजे रुळांचे सांधे बदलण्याच्या जुन्या दांड्याशेजारचा एक शेंदूर फासलेला दगड. तिचा पुजारी गेनू हा या स्टेशनचा जुना सांधेवाला. तिथे लोकांची गर्दी होती आणि तिचा घामट, गोड, धुरकट वास हवेत साचला होता. शेंदराचे तेल ओघळून दांड्यावर, दांड्यावरून जमिनीवर आले होते. जमिनीवर त्याचा थर झाला होता, थरात केस, फुले आणि उदबत्तीच्या काड्या रुतल्या होत्या. लोक त्या थराला बोट लावून बोट कपाळाला लावत होते.

काहिलीत रस उकळू लागला. मळी वर आली, गुळव्याने ती काढून टाकली. मग गेनू उठला, कमरेची किल्ली काढून स्टेशनच्या बत्तीघराकडे निघाला. या बत्तीघरात पूर्वी सिग्नलचे कंदील, रॉकेल आणि फलाटाची कड रंगवायचा चुना ठेवत.

"आता हे काय?" मी ज्ञानोबांना विचारले.

"चुना आणतोय. गुळात चुना लागतो की नाही? रस निवळायला. आईच्या गुळात आईच्याच स्टेशनाचा चुना पडतो. दुकानाचा चालत नाही."

मी गेनूच्या मागोमाग गेलो. त्याने मला अडवले नाही. उलट शहरी माणसाने उत्सुकता दाखवल्याचा त्याला आनंद झाला. बत्तीघराचे दार उघडताच वास असा अंगावर आला की मी उंबऱ्यावरच थांबलो. कोपऱ्यात झाकणाचे एक लोखंडी पिंप होते.

"ह्ये पिंप रेल्वेचं," गेनू म्हणाला. "लाइन बंद झाली तवा तळाला गेल्यालं. म्या माज्या हातानं खरवडून शेवटचा फलाट रंगवला. मग म्या गेलो लेकीकडं. वरीसभरानं आलो, कुलूप काढून बगतो, तर पिंप काठोकाठ. किल्ली माज्याजवळ, दुसरी बापूसायेबाकडं. कुनी भरलं?"

"तुम्ही सांगा."

"आता त्ये बी म्याच सांगू व्हय?" त्याने कानाच्या पाळ्यांना हात लावला. "भिंतीला लावून बगितला, लागंना. पान्यात टाकला, तर तरंगतोय. चुना कदी तरंगतो? म्हनलं, ह्यो भिंतीचा न्हवं. ह्यो गुळाचा."

मी पिंपात डोकावलो. मळकट पांढरी, अतिशय बारीक भुकटी होती. बोटाने उचलली तर ओशट लागली. गुळाच्या वासात जे मला ओळखता येत नव्हते, ते इथे दुसरे काही मिसळलेले नसल्याने लगेच ओळखू आले. धान्याच्या कोठारात पोत्यांभोवती जी पावडर टाकतात, उसाच्या सरीत हुमणीच्या किडीसाठी जी धुरळतात, ती ही बी.एच.सी. नावाची कीटकनाशक पावडर. जुना चुना लिंबाच्या रसात फसफसतो. नैवेद्याच्या ताटातले अर्धे लिंबू मागून मी चिमूटभर भुकटीवर पिळले. काहीच झाले नाही. रस भुकटीवरून थेंबाथेंबाने घरंगळला. पिंपाच्या बुडाशी, बाहेर जमिनीवर, मेलेल्या झुरळांचा एक कोरडा पट्टा होता.

"गेनूबाबा, हा चुना नाही. हे विष आहे. मुंग्या मारायचं."

गेनूने माझ्याकडे दया वाटल्यासारखे पाहिले. "सायेब, समदा गाव खातोय. मेलं का कोन?"

त्याने पितळी वाटी भरून घेतली. मी तिच्यावर हात ठेवला. त्याने माझा हात नम्रपणे बाजूला केला, जसा एखाद्या मुलाचा करावा, आणि तो बाहेर गेला.

कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले जुन्या तिकीटघराच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. गावातले मोठे बागायतदार, शेती-औषधांचे आणि बियाण्यांचे दुकान असलेले, धुतलेले धोतर, कानात अत्तराचा बोळा. मी त्यांच्याकडे गेलो.

"या डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही."

"शिकलेला माणूस आम्हाला डॉक्टरच. बसा. रस घ्या."

मी उभ्याउभ्याच सांगितले, की पिंपात चुना नसून बी.एच.सी. पावडर आहे, ती रसात पडते आहे, तिच्याने माणसाला आकडी येऊ शकते आणि माझी भाची रोज ती खाते. ते शांतपणे, मान डोलावत ऐकत होते. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हते. ही गोष्ट मी पाहिली, पण तिचा अर्थ त्या वेळी लावला नाही. मला वाटले, हा माणूस मला वेडा समजतो आहे.

"तुमची तळमळ कळते," ते म्हणाले. "पण हा श्रद्धेचा विषय आहे. मी एकटा काय बोलणार?"

"तुम्ही अध्यक्ष आहात."

"म्हणूनच."

काहिलीकडून चांगभलं ऐकू आले. वाटी रसात उपडी झाली होती. भुकटी पृष्ठभागावर तवंगासारखी पसरली आणि गुळव्याने ती ढवळून आत घातली. चुन्याने गूळ पिवळा, रवाळ व्हायला हवा होता. तो काळा आणि मेणचट झाला. लोकांनी त्यालाही हात जोडले.

घरी येऊन मी एक प्रयोग केला, आणि तो करताना मला खात्री होती की त्यानंतर वाद उरणार नाही. अंगणात मुंग्यांच्या रांगेजवळ एका पानावर साधा गूळ ठेवला, दुसऱ्यावर सांध्याईचा. नलू, ज्ञानोबा आणि सुली यांना समोर बसवले. थोड्याच वेळात पहिले पान मुंग्यांनी काळे झाले. दुसऱ्याकडे एकच मुंगी गेली. ती काही काळ गोल फिरली, मग उलटी पडून पाय झाडू लागली.

"बघा," मी म्हणालो. "हेच सुलीला होतं."

ज्ञानोबा खाली वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला.

"पण दादा, हे तर आम्हीच सांगतोय इतके दिवस. आईच्या गुळाला मुंगी शिवत नाही. शिवली तर शिक्षा होते. तुम्ही आज डोळ्यांनी पाहिलंत."

नलूने ते दुसरे पान उचलून कोनाड्यात ठेवले, वाया जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर नव्या गुळाचा प्रसाद होता. मी सकाळपासून ठरवले होते की सुलीला उचलून सरळ मोटारीत बसायचे आणि जे होईल ते सोसायचे. नलूला ते कळले असावे. ती मुलीचा हात सोडत नव्हती. सगळे गाव रांगेने बसले होते. गेनू परात घेऊन प्रत्येकाच्या तळहातावर खडा ठेवत होता. लोक चघळत होते, बोटे चाटत होते, चाटलेली बोटे लेकरांच्या तोंडाला लावत होते. परातीच्या काठावर माशी बसत नव्हती, हेही एक जण दुसऱ्याला कौतुकाने दाखवत होता.

बापूसाहेब खुर्चीवर होते. त्यांच्याशेजारी सतरंजीवर त्यांची सून विजया बसली होती. तिला सातवा महिना होता. तिची आणि नलूची मैत्री होती. नलूने आपल्या हातावरच्या खड्याचे दोन तुकडे केले. एक सुलीला दिला आणि दुसरा, हसून, विजयाच्या ओठांशी नेला.

"घे गं. दोघांसाठी घे."

"नको," बापूसाहेब म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण ते खुर्चीतून अर्धे उठले होते आणि त्यांचा हात सुनेच्या तोंडापुढे आडवा आला होता.

नलू तशीच थांबली. "का हो बापूसाहेब? प्रसाद आहे."

"तिला सध्या गोड चालत नाही."

विजया गोंधळून म्हणाली, "मामंजी, सकाळी तर तुम्हीच पेढे..."

"गप राहा तू."

नलूने तुकडा तसाच पुढे धरून ठेवला. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचा चेहरा मी शाळेपासून ओळखत होतो. गणित सुटायच्या आधी तिच्या कपाळावर एक आठी यायची, ती आली.

"मग तुम्ही घ्या," ती म्हणाली. "तुम्ही अध्यक्ष. पहिला मान तुमचा."

"मला साखरेचा आजार आहे, बाई. सगळ्यांना माहीत आहे."

"नवस तर गोडाला अपवाद करत नाही. माझ्या पोरीला तापातसुद्धा दिलाय मी. तुम्हीच म्हणाला होता, द्या म्हणून. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता."

"नलू," ज्ञानोबा म्हणाले, "लोक बघतायत."

"बघू देत ना. बापूसाहेब, एवढाच आहे. नखाएवढा."

बापूसाहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसले आणि ते दुसरीकडे पाहू लागले. इतकेच घडले. माझा लिंबाचा रस, माझ्या मुंग्या, माझे शब्द यांनी जे झाले नव्हते, ते एका म्हाताऱ्याच्या आडव्या हाताने झाले. नलू वळली, सुलीपुढे उकिडवी बसली आणि तिने पोरीचे तोंड उघडून, बोट घालून, चघळलेला गूळ बाहेर काढला. मग पदराने तिची जीभ पुसली, हिरड्या पुसल्या, आणि तो पदर तिथेच फलाटावर टराटरा फाडून टाकून दिला.

"चल दादा," ती म्हणाली. "मोटार कितीची आहे?"

आम्ही तिघे शीव ओलांडून गेलो. ज्ञानोबा थांबवायला आले नाहीत. मोटार सुटताना मात्र ते फेटा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. डॉक्टरांनी सुलीला औषध सुरू केले. त्या उन्हाळ्यात तिला दोनदा आकडी आली, पावसाळ्यात आली नाही, नंतर कधीच आली नाही. औषधही पुढे बंद झाले. बोलताना ती काही शब्दांवर अडखळत असे, ते मात्र राहिले.

पुढच्या वर्षी गुळाचा हंगाम संपता संपता बापूसाहेब इंगवले पुण्याला माझ्या प्रयोगशाळेत आले. धोतर तसेच धुतलेले, अत्तर तेच. बरोबर सीताफळांची करंडी आणायला हवी होती पण हंगाम नव्हता, असे ते दिलगिरीने म्हणाले. मी त्यांना बसायला सांगितले नाही, ते बसले.

"तुमचं ऐकलं आम्ही," ते म्हणाले. "गेनू पूजेला बसला असताना पिंप बदललं. नवा चुना भरला, पेठेतला. यंदा गूळ कसा सोन्यासारखा झाला."

"चांगलं झालं."

"चांगलं कुठलं? मुंग्या लागल्या की. लोक म्हणतात, आई कोपली. शेळक्यांच्या सुनेनं प्रसाद थुंकवला म्हणून. उद्या त्या बाईला गावात यायचंय, नांदायचंय. मला तिची काळजी वाटते."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही रसायनवाले. असं काही असेलच तुमच्याकडे. माणसाला बाधणार नाही, पण मुंगी लागणार नाही. वासबिस नको. चिमूटभर टाकलं की झालं. गावही शांत, बाईही सुखात."

त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला होता. अत्तराखालून त्यांच्या तोंडाचा वास येत होता. मी उठून खिडकी उघडली.

"पिंपात पावडर तुम्ही भरलीत?" मी विचारले.

"मी कशाला भरू? माणसांनी भरली."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच वर्षी. पण तोवर गावानं खाल्लं होतं, डॉक्टर. मुंग्यांची गोष्ट चार गावांत गेली होती. कुणाला काही झालेलं दिसेना. आता ह्यांना जाऊन काय सांगायचं, की तुम्ही काय खाल्लंत? तोंड दाखवता आलं असतं का मला?" त्यांनी हात पसरले. "म्हटलं, संपेल पिंप हळूहळू."

मी त्यांना दार दाखवले. जाताना त्यांनी नमस्कार केला.

पावडर पिंपात कशी आली, ते त्यांनी खुर्चीवरून उठण्याआधी सहज बोलता बोलता सांगितले होते. स्टेशन बंद झाले त्याच्या पुढच्या वर्षी टोळधाड येणार अशी हाकाटी झाली, म्हणून बापूसाहेबांनी दुकानासाठी पावडरीची पोती भरून घेतली. दुकानात जागा नव्हती. बत्तीघर मोकळे होते आणि त्याची एक किल्ली त्यांच्याकडे होती. टोळ आले नाहीत. पोती परत नेताना काही उंदरांनी कुरतडलेली निघाली. गड्यांनी सांडलेली पावडर खराट्याने गोळा केली, जवळ एक रिकामे पिंप होते त्यात ओतली, वर झाकण ठेवले आणि ते जेवायला गेले.